सत्काराचा बुके आणि आमची धवला

पंधरा दिवसांपूर्वी जवळा बाजार गावी माझा सत्कार झाला. इतकी वर्षं बातमीदारी करूनही जिल्ह्यात टिकून आहे म्हणून असावा. शाल, श्रीफळ आणि खास नांदेडहून मागवलेला गुलाबी लिलींचा बुके... भाषणं लांबली म्हणतात, पण ती माझ्याविषयी असल्यामुळे मला तशी वाटली नाहीत.

सत्काराचा बुके आमच्याकडे टाकून देत नाहीत. हिंगोलीला घरी आलो की तो पाण्याच्या तांब्यात घालून टीपॉयवर ठेवायचा, आणि येणारा 'हे कुठलं हो?' विचारेपर्यंत आपण पेपर वाचत बसायचं.

आता धवलेविषयी. धवला म्हणजे आमची पांढरीशुभ्र मांजर. नाव माझं, संस्कृत शिकल्याची खूण. बायको तिला 'ढवळी' म्हणते, म्हणजे घरात गाय पाळल्यासारखी... मांजर दोन्ही नावांना ओ देत नाही.

हिला हिरव्याची भारी हौस. गणपतीसाठी खुडलेल्या दुर्वांवर रोज देवाआधी हिचा हात. मग पायपुसण्यावर ओकारी आणि बायकोकडून हिचा उद्धार. मी मात्र वर्षभर एकच प्रवचन देत आलो... जनावराला उपजत कळतं, त्याला काय खावं ते शिकवावं लागत नाही.

आमची ऋचा, बारावीतली लेक, एवढंच म्हणायची, "बाबा, दुर्वा चालतात तिला. पण सगळंच हिरवं चालत नसतं." तिने नववीत संस्कृत सोडलं होतं, त्यामुळे वनस्पतींविषयीचं तिचं मत मी विचारात घेत नसे. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. मी चिडवायचो, "या, ढोरांच्या डॉक्टर!" चिडवण्याखाली थोडी नाराजीही होती... खोटं कशाला बोलू?

तर सत्काराच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, धवला टीपॉयवर चढून बुकेतलं पान चावत होती. नाकाला केशरी पराग लागलेले. मी हाकललं तर नाहीच, उलट फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला... 'सत्कारात वाटेकरी.'

मिनिटभरात ऋचाचा क्लासमधून फोन. "बाबा, तिला उचला आधी! लिली विष आहे मांजराला. ओल्या फडक्यानं नाक पुसा, अंग चाटू देऊ नका. मी निघाले."

एरवी दहा हाका मारल्या तरी न येणारी पोरगी दहा मिनिटांत स्कूटीवर हजर. आल्या आल्या तिने बुके पिशवीत कोंबला आणि तांब्यातलं पाणीही मोरीत ओतलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, सत्काराचा आहे तो!"

"आणि ही?" ती म्हणाली. कडेवर धवला, लाळ गाळत असलेली.

स्कूटीवर मागे बसलो, मांडीवर भाजीची पिशवी, पिशवीत मांजर.

जनावरांच्या दवाखान्यात आमच्या आधी म्हशीची एक वगार आणि एक शेळी. शेळीवाल्या काकांनी पिशवीत डोकावून विचारलं, "फुलं खाऊन बिमार? आमची शेळी तर पेपर खाऊन बी बराबर राहती." कोणता पेपर, हे मी विचारलं नाही. पण ऋचाने काय झालं ते सांगितल्यावर त्यांनीच नंबर सोडला. "जा बाई, तू आधी जा."

डॉक्टरांनी लगेच सलाईन लावलं. म्हणाले, लिलीचं पान, पराग, तांब्यातलं पाणीसुद्धा मांजराच्या किडन्या घालवतं. मांजर मलूल पडेपर्यंत लोक वाट बघतात आणि मग वेळ निघून गेलेली असते. "तुम्ही लगेच आणली. ओळखलं कुणी?"

मी लेकीकडे बोट दाखवलं. आदल्या दिवशी माझ्याविषयी इतकी भाषणं झाली, पण छाती फुगली ती इथं, शेणाच्या वासात.

तीन दिवस सलाईन चाललं. तिन्ही दिवस क्लास बुडवून ऋचा तिच्या उशाशी, आणि मी दाराशी. चौथ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट चांगला आला आणि धवलेने डॉक्टरांना बोचकारलं. डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या."

घरी आल्यावर ऋचाने अंगण तपासलं. महादेवासाठी धोतरा, मारुतीसाठी रुई, देवीसाठी कण्हेर... देवांची सोय करता करता आम्ही मांजरासाठी विषाची बाग लावून बसलो होतो. करवीर, धत्तूर, अर्क... संस्कृत नावं मला पाठ होती, विष तिला. ती झाडं निघाली. कोरफड आणि मनीप्लांट शेजारणीकडे गेले, तिच्याकडे मांजर नाही. गुलाब, जास्वंद आणि दुर्वा राहिल्या.

शिवाय नवरात्रात घटाला पेरतात तसे ऋचाने परडीत काळी माती घालून गहू पेरले. धवलेला चरायला. बायको म्हणाली, "काहून वर्षातून एकदाच? आता आपल्याकडं बारमाही घट." आणि रोज पाणी तीच घालते, 'ढवळी'ला शिव्या देत.

काल सत्कारवाल्यांचा फोन आला. बातमीसोबत छापायला शाल आणि बुके घेतलेला घरचा एखादा फोटो हवा होता. बुके नव्हता, शाल धवलेच्या टोपलीत गेलेली. मोबाइलमध्ये मी काढलेला होता तोच फोटो पाठवला. फोटोखालची ओळ आयुष्यभर दुसऱ्यांसाठी लिहीत आलो, ही मात्र फार जपून लिहिली...

'डावीकडून : गव्हाची परडी, शालीवर धवला आणि तिला वाचवणाऱ्या ढोरांच्या डॉक्टर कु. ऋचा. फोटो : त्यांचे वडील.'