दोरीवरची कादंबरी

पिपलानीत, कारखान्याच्या कॉलनीत, आमच्या शेजारच्या क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात कपडे वाळत नसत, कादंबरी वाळत असे. टिपणकाकांनी तिथे दोऱ्या बांधल्या होत्या. एक दोरी म्हणजे एक प्रकरण, त्यावर चिमट्यांनी लावलेल्या चिठ्ठ्या. कारखान्यातून आले की काका हात मागे बांधून त्यांच्यामधून फिरत, एखादी इकडची काढून तिकडे लावत. दूधवाला विचारायचा, "बाबूजी, आज कुछ सूखा?" ती कादंबरी कधीच लिहून झाली नाही, हे आधीच सांगते. उगाच आशा नको.

कारखान्यात काका नियोजनावर होते. सगळे भाग मांडल्याशिवाय जोडणीला हात लावायचा नाही, हा तिथला नियम त्यांनी घरी आणला. विदर्भातून येऊन इथे संसार मांडलेल्या पहिल्या माणसांची ही कादंबरी. "जोडणी काय, होईल. भाग कमी पडायला नको," म्हणत.

मी तेव्हा लेखिका होते. म्हणजे केस मोकळे सोडून खिडकीशी बसायचे, सुचायची वाट बघायचे आणि आत वरण करपायचं. काका कुंपणावरून म्हणाले, "सूनबाई, सुचत काही नसतं. साठवलेलं सापडतं. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, आणि ती कुठे लागेल ते कोपऱ्यात." मी प्रत्येक कोपऱ्यात 'दुःख' लिहिलं. गठ्ठाभर दुःख जमलं. काकांनी ते चाळून परत दिलं. "यात माणूस कुठे आहे?"

माणूस माझ्याच अंगणात होता. व्हरांडा कादंबरीने अडवलेला, म्हणून काकू धुणं वाळत घालायला आमच्याकडे येत. साडी झटकत बोलत, "साऱ्या कॉलनीची दुखणी पाठ आहेत यांना. माझा कुठला गुडघा दुखतो, विचारून बघ." मी आत जाऊन टिपून ठेवायचे. त्यातून गोष्ट झाली, दिवाळी अंकात आली. मी अंक मिरवत शेजारी गेले. काकांनी उभ्याउभ्याच वाचली आणि खूश झाले.

"बाई झकास पकडलीस. कोण गं ही? पलीकडच्या बरखेड्यातली का?"

काकू मटार सोलत होत्या. "असेल कुणीतरी," म्हणाल्या, "तुमच्या ओळखीतली नसेल."

मी खळखळून हसले. मला तो विनोद वाटला. एवढी हुशार होते मी.

काका निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं. अशोका गार्डनला मुलाच्या घरात दोऱ्यांना जागा नव्हती, चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यांत गेल्या. त्याच हिवाळ्यात काकू वारल्या. भेटायला गेले, तर पलंगभर खोकी उघडी.

"सगळ्यांचं आहे," काका म्हणाले. "हिचं एकही नाही. ही काय, घरातच असते, असं वाटायचं." मग पेन उचललं. "तेवढं प्रकरण भरलं की लिहायलाच बसतो बघ. तुझ्याशी बोलायची ना ती? सांग."

रागवावं, तर लिहायला यांनीच शिकवलेलं. मी सांगत गेले, ते टिपत गेले. अक्षर अजून तसंच सुरेख. मध्येच थांबले.

"चहात साखर किती घ्यायची गं ती?"

"काकू चहा घेतच नव्हत्या, काका."

त्यांनी तेही लिहून घेतलं. मग ती चिठ्ठी कुठल्या खोक्यात ठेवावी ते न कळून हातातच धरून बसले.