मनगटातला हिसका

गिरणीचा पट्टा उतरवत होतो. समोर रस्त्यावर जव्हारहून आलेली एसटी थांबली आणि कंडक्टर दारात लोंबकळतच ओरडला, "अहो नाईक, तुमचे गादीवाले गेले!" लगेच त्यानं घंटी ओढली आणि गाडी पुढे गेली. फौजेतून नाईक म्हणून सुटलो तेव्हापासून अख्खा मोखाडा मला त्याच नावानं हाक मारतो, आणि माझे गादीवाले म्हणजे जव्हारचा कादर, हे त्या कंडक्टरलाही ठाऊक होतं. पीठ भरल्या अंगानंच मिळेल ती जीप धरली. पोचलो तेव्हा कबरस्तानातून माणसं परतायला लागली होती. तीन मुठी माती तेवढी टाकायला मिळाली... चेहरा काही बघायला मिळाला नाही.

त्याला आता दोन महिने होत आले. या पुरवणीच्या संपादकांचा निरोप आला, कादरभाईंच्या चार हृद्य आठवणी लिहा, तुमच्या भागातले पहिले आकाशवीर होते म्हणतात. आकाशवीर! कादरच्या हयातीत हा शब्द मी जव्हारच्या बाजारात एकदाही ऐकला नाही. ऐकला तो 'हातसोड्या'. ज्या तोंडांनी त्याला दहा वर्षं हातसोड्या म्हटलं, त्याच तोंडांतून आता मध गळतोय. मला हृद्य वगैरे काही सुचत नाही. मला किळस आलीय, आणि किळस आलेला माणूस जसं लिहील तसंच मी लिहिणार. छापायचं तर छापा, नाहीतर चुलीत घाला.

कादरचं घर पिंजाऱ्याचं. बाप कापूस पिंजायचा, गाद्या-उशा भरायचा. कादर फौजेत छत्रीवाल्यांत गेला, विमानातून उड्या मारतो असं कळलं तेव्हा बाजारातली मंडळी बापाला म्हणायची, "चाचा, पोराला खाली एक गादी टाकून ठेवा!" बापही हसायचा. तेव्हाच्या चेष्टेत विष नव्हतं. मी मोखाड्याचा, तो जव्हारचा, दोघं एकाच पलटणीत. उत्तरेतल्या एका मैदानावर आम्ही उड्या शिकलो. साधी उडी म्हणजे विमानातून पाऊल टाकलं की दोरीनं छत्री आपसूक उघडते. मोकळी उडी वेगळी. तिच्यात छत्री मिटलेलीच ठेवून पोटावर पडत राहायचं, आणि जमीन जवळ आली की आपल्या हातानं उघडायची. ती जमायला लागल्यावर साहेबांच्या डोक्यात आलं की एकट्यानं पडण्यात काय मोठेपणा, आठ जणांनी पडता पडता हात धरून रिंगण करायचं. आपल्याकडे तेव्हा चौघांच्या वर कुणाचं रिंगण झाल्याचं आम्ही ऐकलं नव्हतं. साहेबांचं नाव मी लिहीत नाही. उगाच तोंडाची चव जाते.

रिंगणाची तालीम जमिनीवर व्हायची. कमरेत वाकून, हात पसरून, एकेकानं चालत येऊन दुसऱ्याचं मनगट धरायचं. तळहात घामानं सटकतो, म्हणून मनगटच. सुट्टीवर आलो की आम्ही दोघं साखरशेत गावच्या माळावर हीच तालीम करायचो. येणारे-जाणारे थांबून बघायचे. एक म्हातारा म्हणाला होता, "कोंबडी हरवली का रं?" त्याच साखरशेतात एकदा भातकापणीनंतर तारप्याच्या सुरावर नाच लागला होता. पोरी-बाप्ये एकमेकांच्या कमरेला हात घालून गोल फिरत होते. गावातला एक टोपीवाला झिंगून आला आणि मधेच घुसून एका बाईचा हात ओढायला लागला. ती म्हातारीशी बाई त्याच्यावर खेकसली, "ए, वढू नको! पयला पाय बघ, मंग हात दे!" सगळे हसले. कादर हसला नाही. परतताना वाटेत मला म्हणाला, "ऐकलंस? आधी त्यांच्या पायाशी पाय मिळवायचा, मग धरायचं. ओढायचं नाही. आपला साहेब ओढतो." आणि खरंच साहेब ओढायचे. वरून सुसाट यायचे आणि ज्याला धरतील त्याला उलथा करायचे.

कादर रिंगणाचा पाया होता. पाया म्हणजे सगळ्यांत आधी उडी मारणारा, ज्यानं दगडासारखं स्थिर पडत राहायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यापाशी यायचं. वारा कानात असा ओरडत असतो की वर बोलणं शक्यच नाही. म्हणून एक खूण ठरली होती. रिंगण मोडायची वेळ आली की पाया दोन्ही हातांनी एक हिसका द्यायचा. तो हिसका मनगटा-मनगटांतून फिरायचा, आणि मग सगळ्यांनी हात सोडून, पाठ फिरवून, लांब लांब पळायचं. हिसका दिल्याशिवाय हात सोडणं म्हणजे आमच्यात महापाप. कादरला ही खूण इतकी अंगवळणी पडली की जमिनीवरही तो तसाच वागायला लागला. भेटला की हात मिळवायचा नाही, मनगट धरायचा. निघताना एक हिसका, मग सोडायचा. जव्हारच्या बाजारात अनोळखी माणूस दचकायचा.

तो दिवस आला तेव्हा खाली शामियाना होता, मोठमोठे पाहुणे होते, चहाबिस्किटं होती. सात जण नीट जुळलो. कादरचं उजवं मनगट माझ्या हातात, डावं साताऱ्याकडच्या जगतापच्या. आठवे साहेब. ते उशिरा निघाले आणि वेळ भरून काढायला डोकं खाली करून आले. मी मान वर करून बघत होतो... ते आमच्या बाजूनं सरळ खाली गेले. रिंगणाच्या खाली गेलेल्याला पुन्हा वर येता येत नाही. त्यानं निमूट बाजूला पळायचं आणि लांब जाऊन छत्री उघडायची, कारण त्याच्या डोक्यावर माणसं पडत असतात. हे शेंबड्या पोरालाही शिकवलेलं असतं. साहेबांनी तिथंच, आमच्या बरोब्बर खाली, छत्री उघडली. पाया असलेल्यानं नेहमी रिंगणाच्या मधून खाली बघायचं असतं, म्हणून ते पहिल्यांदा दिसलं कादरला. माझ्या मनगटाला हिसका बसला आणि हात सुटला. दोन्हींत श्वासाचं अंतर नव्हतं, पण हिसका आधी होता. मी फेकल्यासारखा बाजूला गेलो आणि ती फुललेली छत्री माझ्या बुटांना हातभर चुकवून वर गेली. सात जण मिळून तिच्यावर कोसळलो असतो तर साहेबांचं आणि आमच्यातल्या निम्म्यांचं पिंडदानच करायचं राहिलं असतं.

खालच्या पाहुण्यांना काय दिसलं? एक रिंगण, आणि ते फुटलं. साहेब जमिनीवर उतरले, पाहुण्यांकडे गेले आणि म्हणाले, कादरनं घाबरून हात सोडला, म्हणून मला लवकर छत्री उघडावी लागली. छत्री आधी की हात आधी, एवढाच प्रश्न होता. चौकशी झाली. मी म्हणालो, हिसका आला होता, भ्यालेला माणूस हिसका देऊन सोडत नाही. तर म्हणे, तुम्ही एका गावचे! मोखाडा आणि जव्हार एक गाव कधीपासून झालं? जगतापला विचारलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मला काही जाणवलं नाही, साहेब." बाकीचेही तेच म्हणाले. कादरला रिंगणातून काढून छत्र्यांच्या घड्या घालायला बसवलं. मी त्याच दिवशी सांगितलं, माझंही नाव काढा. पुढे काही दिवसांनी आठ जणांचं रिंगण झालं, फोटो निघाला, साहेबांचं नाव झालं. चोर तो चोर, वर शिरजोर.

ही गोष्ट आमच्या आधी जव्हारला पोचली. कादर पेन्शनीत आला, बापाच्या दुकानात बसला, तेव्हा बाजारानं त्याचं बारसं करून ठेवलं होतं. "हातसोड्या, गादी शिवताना तरी दोरा सोडू नको रे!" हे म्हणणाऱ्यांत कोण नव्हतं? स्टुलावर चढायला घाबरणारे होते, दाभोसाच्या धबधब्याच्या कडेला बायकोचा पदर धरून उभे राहणारे होते. मी भांडायचो, एकाची तर कॉलर धरली होती. कादर मात्र कापसात हात घालून गप्प. एकदा मीच त्याच्यावर उखडलो, "तू बोलत का नाहीस रे? तोंडात कापूस कोंबलाय का?" तर म्हणाला, "क्या बोलू? तो साहेब जिवंत आहे ना? मग झालं की." मला त्याचा राग आला होता. अजून येतो. विमानातून पडून त्याला काही झालं नाही, कापसाच्या धुळीनं छाती खाल्ली.

आणि मग ती शोकसभा. ज्यांनी नाव ठेवलं त्यांनीच वर्गणी काढली, कापडी फलक लावला, आणि साहेबांना बोलावलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते मी त्या दिवशी बसून पाहिलं. साहेब जीपमधून आले, अंगात कोट, सोबत जगताप. हातात त्या रिंगणाचा मोठा केलेला फोटो. तो टेबलावर ठेवून त्याला झेंडूचा हार घातला. कादरच्या घरात मेलेल्याच्या फोटोला हार घालत नाहीत, एवढंही जन्मभर शेजारी राहिलेल्यांना सुचलं नाही. पण खरी शिसारी पुढे आहे. त्या फोटोत कादर नव्हताच! तो फोटो निघाला तेव्हा कादर छत्र्यांच्या घड्या घालत होता. शिरस्त्राणं, चष्मे, कुणाचा चेहरा दिसतोय? एका पुढाऱ्यानं विचारलं, "साहेब, यातला आमचा कादर कुठला?" साहेबांनी क्षणभर फोटोकडे पाहिलं आणि एकावर बोट ठेवलं, "हा." तो जगताप होता. खरा जगताप दोन खुर्च्या सोडून बसला होता. लोक रांगेनं येऊन जगतापच्या पोटावर फुलं वाहत होते आणि जगताप ते बघत होता.

मग भाषण. "कादरच्या हातून एकदा चूक झाली, घाबरला बिचारा. पण मी त्याला केव्हाच माफ केलं." टाळ्या! शोकसभेत टाळ्या! मी उठलो, "साहेब, त्या दिवशी छत्री आधी उघडली की हात आधी सुटले, तेवढं सांगा." साहेब पाणी प्यायला लागले. पुढारी म्हणाले, "नाईक, प्रसंग काय, तुम्ही बोलताय काय! चला, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या." आणि सगळे उभे राहिले, माना खाली घालून. माझं तोंड बंद करायला त्यांनी कादरचीच शांतता वापरली.

मी बाहेर पडून एसटी स्टँडवर आलो. मागून जगताप आला. पुरता म्हातारा दिसत होता. बोलला काही नाही, माझं मनगट धरलं आणि एक हिसका दिला. त्याचा अर्थ त्या स्टँडवर आम्हा दोघांनाच कळत होता... म्हणजे त्याला जाणवला होता. तेव्हाही जाणवला होता! मी हात झटकला. म्हणालो, "मला काय देतोस? त्याच्या दारात जा." तो तिथंच उभा राहिला, तेव्हा मीच त्याला दुकानापाशी नेलं. कादरची बायको हमीदाभाभी नवरा गेल्यानंतरच्या इद्दतीत आहेत, परक्या पुरुषासमोर येत नाहीत. दुकानाच्या मागच्या दारावर पडदा होता. जगताप पडद्यासमोर हात जोडून उभा राहिला, "भाभी, कादरनं हिसका दिला होता. मग सोडला. मी खोटं बोललो." आतून भाभींचा आवाज आला, शांत, "यांनी पोरीचं बोटसुद्धा कधी हिसका दिल्याशिवाय सोडलं नाही, भाऊ. मला ठाऊकच होतं. तुम्हाला आता कळलं का?"

जगताप फळीवर बसून रडला. मला दया आली नाही, खोटं कशाला लिहू? आतून चहा आला, तो आम्ही प्यायलो. त्याला सांगितलं, हे पडद्याला सांगितलंस ते जाऊन बाजारात सांग. तो हो म्हणाला आणि साहेबांच्या जीपमध्ये बसून गेला.

दुकान आता बंद असतं. काचेतून अर्धी भरलेली एक गादी दिसते, तोंड उघडंच. कादर जायच्या आठवड्यात मी गेलो होतो तेव्हा तो तिच्याशेजारीच पडून होता. बोलायला दम नव्हता. मी म्हटलं, बोलू नको. त्यानं माझं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं, बराच वेळ. बाहेर मोखाड्याची गाडी लागली, मी उठायला लागलो, पण हात सुटेना. त्याचे डोळे मिटलेले, छाती भात्यासारखी चाललेली. मला वाटलं झोप लागली असेल, म्हणून मी हळूच हात काढायला गेलो. तेवढ्यात हिसका आला. एकच, पण पूर्वीसारखा करकरीत. त्यानंतर बोटं सैल झाली.

आणि त्या माणसानं म्हणे याला माफ केलंय... थू!