खुणेवरची खुर्ची

माझे वडील, म्हणजे आबा, सैन्यात तोफखान्यात होते. तोफांनी त्यांचा उजवा कान कायमचा नेला. म्हणून लहानपणापासून मी त्यांच्या डाव्या अंगाला बसतो. आजही माझं ताट आपोआप तिकडंच मांडलं जातं. गाव सोडून ते सांगलीच्या विश्रामबागेत आमच्याकडं राहायला आले, तेव्हा मोबाईलवरचं भजन त्यांना ऐकू येईना. हळूहळू त्यांनी ऐकणंच सोडलं. त्यांना भजन परत मिळवून द्यायचं, म्हणून मी स्पीकर घ्यायला निघालो.

निघालो म्हणजे काय, दोन महिने नुसता वाचत बसलो. कुपवाडच्या कारखान्यात मी सुट्या भागांची मापं तपासतो, त्यामुळं आकडे दिसले की मला चेव येतो. मग साताऱ्यापासून सांगलीपर्यंत एक दुकान सोडलं नाही. सुराचा गंध नसलेला मी डोळे मिटून म्हणायचो, "खर्ज जरा सैल वाटतोय." दुकानदार बिचारा "व्हय साहेब" म्हणून आणखी महागडी जोडी काढायचा. आबांना मात्र एकदाही बरोबर नेलं नाही. त्यांना काय कळतंय त्यातलं!

शेवटी जोडी आली. टेपनं अंतर मोजून मधोमध माझी खुर्ची मांडली, आबांची उजव्या स्पीकरपाशी. फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या आणि खुर्च्या हलवायच्या नाहीत, अशी घरात ताकीद दिली. आवाजही बेताचाच ठेवायचो. मोठा आवाज म्हणजे मिरवणूक, हे माझं नवं शहाणपण. आबा रोज म्हणायचे, "लय झ्याक." मी फुगायचो.

महिन्याभरानं एकदा कामावरून लवकर आलो. आबांनी खुर्ची पार डाव्या स्पीकरला नेऊन भिडवली होती. डावा कान जाळीला लावून, मांडीवर ताल धरून ते भजन ऐकत होते. मला बघताच गडबडीनं उठले आणि खुर्ची उचलून खुणेवर ठेवायला लागले.

"आवं आबा, ऐकू येत न्हाई म्हणून सांगायचं की!"

"तू येवढं मापून ठेवलंयस," ते ओशाळून म्हणाले. "मला वाटलं, माझंच कायतरी चुकतंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टेप लावून, अगदी अचूक, मी त्यांचा गेलेला कान स्पीकरशेजारी बसवला होता. तिथंच खाली बसून नखानं चिकटपट्ट्या उकरायला लागलो. त्या निघेनात. त्याही मी चांगल्यातल्या निवडून आणल्या होत्या.