मेट्रनबाईंची पाटी

चौतीस वर्षं वॉर्ड चालवलेल्या बाईला घर चालवायला माणसं लागत नाहीत, ड्यूटी लावायला लागतात. मेट्रनबाई निवृत्त झाल्या तेव्हा लग्न राहून गेलेलं, आईवडील गेलेले, आणि सख्खा भाऊ असा, की महिन्यातून एकदा फोनवर गुलाबाचं चित्र पाठवलं की त्याचं बंधुप्रेम आटोपायचं. तेव्हा बाईंनी नातेवाईकांची भरती काढली.

खालच्या दुकानातल्या शिंप्याला धाकटा भाऊ नेमलं, तेही तीन महिने कच्च्या नेमणुकीवर. बाईंना ताप आला तेव्हा तो दिवसभर उशाशी शर्टांना काजं करत बसला आणि एकदाही ‘काळजी करू नका’ म्हणाला नाही, म्हणून कायम झाला. वरच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या शिक्षिकेला भाची केलं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थाला जावई. मुलगी नसली म्हणून काय झालं? कामं सांगायला मुलापेक्षा जावई बरा, तो उलटून बोलत नाही.

फ्रीजवर तिघांच्या पाळ्यांचा तक्ता लागला. उशीर झाला की नावापुढे लाल फुली. एवढं तिघं का सोसत होती, असं कुणी विचारलं तर शिंपी म्हणायचा, “अहो, माझ्या घरी मला रागवायलाही कुणी नाही.”

या सगळ्या खटाटोपामागे एक स्टूल होतं. पेशंटच्या खाटेजवळ नातेवाइकासाठी ठेवतात, ते. सात नंबरच्या खाटेवर बँडमधला एक म्हातारा दोन दिवसांत गेला, आणि त्याचं स्टूल शेवटपर्यंत रिकामं राहिलं. ते बाईंना अजून स्वप्नात दिसायचं. मरणाची भीती त्यांना नव्हती, त्या स्टुलाची होती.

मग पित्ताशयात खडे निघाले. बाईंना ओळखणाऱ्या कुणालाच नवल वाटलं नाही. इतकं पित्त कुठेतरी साठणारच. ऑपरेशन त्यांच्याच जुन्या वॉर्डात ठरलं. सकाळी तिघं तक्ता मोडून एकदमच हजर झाली, आणि वॉर्डच्या दारात अडली. दारावर ठळक अक्षरांत पाटी होती: ‘रक्ताच्या नात्याखेरीज कोणालाही आत प्रवेश नाही. विनंती करू नये.’

पाटी बाईंनीच लावलेली. ‘विनंती करू नये’ हे तर खास त्यांचं.

आत सोडलं ते सख्ख्या भावाला. कुणीतरी कळवल्यावर तो बारा वर्षांनी उगवला होता. स्टुलावर बसून त्याने स्वतःच्या गुडघ्यांची कहाणी सुरू केली. वॉर्डची सिस्टर, जी एके काळी बाईंच्या हाताखाली रडत रडत काम शिकली होती, फॉर्म घेऊन आली.

“पेशंटला कुठलं औषध चालत नाही?”

बाई मुद्दाम गप्प राहिल्या.

“हिला ना?” भाऊ म्हणाला. “हिला काहीच चालत नाही. लहानपणापासून.”

“पेनिसिलिन!” दाराबाहेरून शिंपी ओरडला.

“बरोबर,” बाई म्हणाल्या. “अगं, त्या तिघांना आत सोड.”

“पाटी तुमचीच आहे, मॅडम.”

“मग मी विनंती करते.”

“करू नये, मॅडम,” सिस्टर म्हणाली. चेहरा अगदी कोरा. वीस वर्षं वाट पाहिली असणार या वाक्याची.

ऑपरेशनला न्यायला चाकांची खुर्ची आली. दारातून बाहेर पडताच बाईंनी ब्रेक ओढला. बाकावरून तिघं उठली. भाचीच्या हातात बाईंची शाल होती, जावयाच्या हातात दातांची डबी.

“ऐक,” बाई सिस्टरला म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या आवाजात हुकूम नव्हता. “मला सात नंबरसारखं जायचं नाही. त्याचं स्टूल रिकामं होतं गं.”

सिस्टरच्या चेहऱ्यावरचा कोरेपणा गेला.

“त्याचं माणूस आलं होतं, मॅडम. दोन दिवस याच बाकावर बसून होतं. त्याची शेजारीण. धुतलेले मोजे घेऊन आली होती. तुम्ही विचारलंत, कोण लागता? ती म्हणाली, तशी कोणी नाही. तुम्ही म्हणालात, मग घरी जा.”

बाईंना आठवलं. स्टूल इतकी वर्षं आठवत होतं, ते रिकामं कुणी ठेवलं एवढंच सोयीस्करपणे विसरलं होतं.

“नाव काय होतं तिचं?”

“तुम्ही विचारू दिलं नाहीत.”

भाचीने शाल बाईंच्या पायांवर घातली, शिंप्याने तिचं टोक सारखं केलं.

“चुकलं माझं,” बाई म्हणाल्या. मग जावयाकडे वळल्या. “स्क्रू-ड्रायव्हर आहे ना खिशात?”

“असतोच, सासूबाई.”

“पाटी काढा.”

जावयाने सिस्टरकडे पाहिलं. पाटी उंचावर होती, त्याचा हात पुरेना. सिस्टर मुकाट्याने आत गेली, शेजारच्या पेशंटला गुडघ्यांची कहाणी सांगणाऱ्या भावाला उठवलं, आणि त्याच्या खालचं स्टूल घेऊन आली.

“यावर चढा,” ती म्हणाली. “मी धरते.”