आबांची मुळी आणि माझे उंदीर

उंदीर धरायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. तळेघरच्या वरच्या अंगाला आमचं घर, घरात भाताची कणगी, आणि कणगीच्या आजूबाजूला उंदरांचं आमच्यापेक्षा जुनं बस्तान. लहानपणी मी चपलेनं उंदीर मारलेत, शेपटी धरून उकिरड्यावर फेकलेत. पुढे जुन्नर तालुक्यातल्या एका फार्मसी कॉलेजात एम. फार्म. करायला गेले, तर तिथे पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे उंदीर पिंजऱ्यात ठेवलेले. वजन करून खाणं घालायचं, रोज बिछाना बदलायचा. मारायचे झाले तर आधी कमिटीची परवानगी. आबांना हे सांगितलं तर ते हसून हसून खोकायला लागले.

"उंदीर मारायला परवानगी? आन् आमची मांजर कुणाला इचारती गं?"

आबा म्हणजे माझे वडील. भात आणि नाचणीची थोडी शेती. पण पंचक्रोशीत त्यांची ओळख काविळीचं औषध देणारे म्हणून. रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर माणसं बसलेली असायची, डोळे पिवळे, तोंडं उतरलेली. आबा सहाणेवर एक मुळी उगाळायचे, ताकात कालवून पाजायचे. असे तीन रविवार. तेल-तिखट बंद. हे औषध त्यांना त्यांच्या मामांकडून आलं, आणि त्याचे नियमही सोबत आले: पैसा घ्यायचा नाही, मुळीचं नाव फोडायचं नाही, आणि दारी आलेल्याला माघारी लावायचं नाही. तीस वर्षांत आबांनी कुणाला माघारी लावलं नाही. घरात लग्न असताना सुद्धा हळदीच्या हातानं मुळी उगाळून दिलेली मी पाहिली आहे.

आता तुम्हीच सांगा, अशा बापाची पोरगी प्रबंधाला विषय कुठला घेणार? मी आबांची मुळी घेतली. मला सिद्ध करायचं होतं, बास. शहरातल्या पोरी मला 'डोंगरातली' म्हणायच्या. म्हटलं, थांबा मेल्यांनो, माझ्या बापाचं औषध मोठ्या कागदावर छापून आणते. आबांनी कधी कुणाला न सांगितलेलं नाव मला सांगितलं, माझ्यासोबत डोंगरात येऊन मुळ्या खणून दिल्या. पिंजऱ्यात अंथरायला भाताचं तूस लागतं म्हटल्यावर गोणीभर तूस पाठीवर घेऊन एसटीनं कॉलेजात आले. प्राणीघरात त्यांना सोडलं नाही. दाराशी उभे राहून म्हणाले, "त्यांना म्हणावं, लई चांगल्या घरचं तूस हाय."

काम असं होतं. काही उंदरांना तापाच्या गोळीचं औषध मुद्दाम जास्त देऊन त्यांचं यकृत बिघडवायचं. मग त्यातल्या काहींना नावाजलेलं औषध, काहींना आबांची मुळी, आणि बघायचं कोण सावरतं. शिवाय एका गटातल्या धडधाकट उंदरांना नुसतीच मुळी. हा शेवटचा गट आमच्या सरांनी घालायला लावला. मला तो उगीच वाटला होता. निरोगी जिवाला औषध देऊन काय बघायचं, डोंबल!

रोज दहाच्या ठोक्याला मी एकेकाला उचलायचे, मान धरायचे, टोकाला गोळी असलेली बोथट सुई घशातून पोटात घालायचे. आमच्या कणगीतला उंदीर असता तर बोटाचा लचका तोडला असता. हे बिचारे हात पुढे केला की स्वतःहून वर चढायचे. आठवडाभरानं ते सुद्धा शिकले आणि मला बघितलं की कोपऱ्यात जाऊन बसायला लागले. मला वाईट वाटायचं. कुणाला सांगायची सोय नव्हती, उंदरासाठी रडणारी म्हणून सगळ्यांनी चेष्टाच केली असती.

आणि मग नुसत्या मुळीच्या गटातला एक सकाळी मेलेला सापडला. मी म्हटलं, सुई चुकली असेल माझी. दोन दिवसांनी दुसरा. उरलेल्यांची लव विस्कटली, खाणं तसंच पडून राहायला लागलं. शेवटच्या दिवशी पोट उघडलं तर यकृतं फिकट, डागाळलेली. रक्ताचे आकडे आले, तेही तेच सांगत होते. आबांच्या मुळीनं बिघडलेलं यकृत तर सुधारलं नव्हतंच, चांगलंही बिघडवलं होतं. मी तो कागद घेऊन जिन्यात बसले.

सर म्हणाले, "घाबरू नकोस. उंदीर थोडे आहेत, डोस जास्त झाला असेल. तू आपलं लिही, अधिक अभ्यासाची गरज आहे."

"पण सर, माणसं पितात हे."

"हा एम. फार्म.चा प्रबंध आहे, कोर्टाचा निकाल नाही."

सरांचं अगदीच चूक होतं असंही मला म्हणता येत नव्हतं. म्हणून मी लिहिलं, अधिक अभ्यासाची गरज आहे. सही केली. पहिला वर्ग मिळाला. आग लागो त्या वर्गाला.

घरी जाऊन मात्र आबांना सगळं सांगितलं. ते नांगराचा फाळ घासत होते. ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "उंदीर आन् माणूस एक व्हय?"

"एक नाही आबा. पण—"

"तीस वर्सं माणसं बरी झाल्याली मी या डोळ्यांनी बगितली. ती काय खोटी?"

मी सांगितलं की बरीचशी कावीळ आपली आपण उतरते, विश्रांती घेतली की. ज्याचं सगळं आयुष्य त्या सहाणेवर गेलं त्याला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? पुढच्या रविवारी ओट्यावर माणसं होती आणि आबा मुळी उगाळत होते.

पुढच्याच वर्षी, पाऊस सरताना, माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. आम्हाला रेंज पकडायला टेकाडावर चढावं लागतं, त्याला एवढ्याशा चढानं धाप लागली होती.

"डोळं पिवळं झाल्यात. काळजी करू नको, आबांनी औषध चालू केलंय."

तेव्हा मी नोकरीला लागले होते; मोठी रजा टाकली, घोडेगाव गाठलं, तिथून तळेघरची एसटी, पुढे चालत. दादा पडवीत पडला होता, हळदीत बुडवून काढल्यासारखा. मी म्हटलं, ऊठ, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल. तर म्हणतो कसा, "येडी का काय तू? आबांचा पोरगा दवाखान्यात गेला तर आबांचं तोंड काय ऱ्हाईल? लोक काय म्हणतील?"

मी आबांवर तुटून पडले. आयुष्यात कधी बापाला उलटून बोलले नव्हते, त्या दिवशी घसा फोडून ओरडले, "उंदीर मेले आबा! मेले ते! तुमच्या पोराला तेच पाजताय तुम्ही!" आबा खाली मान घालून बसले. दादाच म्हणाला, "तुझ्या उंदरांना म्हणावं, गप बसा."

आबा त्याला औषध ओट्यावर देत नव्हते, घरातूनच तांब्या भरून आणायचे. मी तोंड फिरवायचे. मला बघवत नव्हतं. रोज सकाळी दादाचे डोळे बघायचे आणि रोज मनातल्या मनात त्या फिकट, डागाळलेल्या यकृतांवर जायचे. मी एवढी शिकलेली, आणि मला माझ्या सख्ख्या भावाला एका एसटीत बसवता येईना.

दादा बरा झाला. तिसऱ्या आठवड्यात भाकरी मागून खाल्ली, डोळे निवळले. मी देवापुढे डोकं टेकवलं. आणि पंचक्रोशीत बोभाटा झाला: आबांचा पोरगा मरणाच्या दारातून आला, ते बी आबांच्याच औषधानं. लेक म्हणत होती औषध वाईट, बघा आता. मी सगळ्यांचं हसणं ऐकून घेतलं. माझा भाऊ जिवंत होता, मला आणखी काय पाहिजे होतं?

एका शनिवारी मी आबांसोबत बांधावर गवत कापत होते. आबा एकदम म्हणाले, "त्याला मी मुळी दिलीच न्हाई."

"कुणाला?"

"दादाला. नुसतं ताक दिलं. तिन्ही रविवारी. तू म्हणली व्हतीस, उंदीर मेले. हात धजला न्हाई गं."

खोटं कशाला बोलू, आधी मला आनंदच झाला. माझ्या बापानं माझं ऐकलं होतं! मग डोक्यात लख्ख झालं.

"आणि ओट्यावरच्यांना?"

"त्यांला त्यांचं औषध."

"आबा!"

"मग काय करू? ती माणसं औषध घ्यायाला येत्यात. त्यांला ताक पाजून लावायचं म्हंजी फसवायचं. पोराला फसवलं ते माझ्या घरातलं पाप. दुसऱ्याच्या पोराला कसं फसवू? आन् माघारी लावता येत न्हाई." विळा थांबला. "तूच लिवलंस ना, अजून अभ्यास पायजे. मग नक्की न्हाई ना तुझं बी?"

नक्की नव्हतं म्हणून मी एक वाक्य लिहून मोकळी झाले होते, आणि नक्की नव्हतं म्हणून आबा मुळी उगाळत होते. दोघांनीही आपापलं माणूस तेवढं वाचवलं होतं. मला शरम वाटली, आबांची आणि माझी.

दुसऱ्या दिवशी रविवार. ओटा भरला होता, दादा बरा झाल्याचं ऐकून नवी नवी माणसं आली होती. त्यात एक बाई, सातवा महिना तरी असावा, सासूच्या खांद्याला धरून आलेली. डोळे पिवळेजर्द. दोन डोंगर चालून आल्या होत्या. पोटुशीला कावीळ किती वाईट, हे मला पुस्तकामुळे ठाऊक होतं. मी पुढे होऊन म्हटलं, "ताई, इथं थांबू नका. घोडेगावच्या दवाखान्यात चला, मी येते सोबत."

सासू म्हणाली, "तुमचा भाऊ गेलता का दवाखान्यात?"

आबांनी त्या बाईच्या पोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. सहाणेला हात न लावता आत गेले आणि तांब्या भरून आणला. पांढरं ताक. मला कळलं. बाईनं पिऊन आबांच्या पायाला हात लावला आणि दोघी निघाल्या. आबांना वाटलं, सुटलो. मला वाटलं, ही आता ताक पिऊन समाधानानं घरी जाऊन पडणार, आणि दवाखान्याचं नावसुद्धा कुणी काढणार नाही.

मी वळणापर्यंत पळत गेले. "ताई, त्यात मुळी नव्हती. नुसतं ताक होतं. माझं ऐका, दवाखान्यात चला."

सासूनं माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे झाले. ती सुनेला धरून तरातरा परत फिरली आणि ओट्यासमोर उभी राहून कडाडली, "आमी गरीब म्हणून आमाला नुसतं ताक व्हय? सोताच्या पोराला खरं औषध आन् आमच्या सुनंला ताक?"

माझ्याच्यानं राहवलं नाही. "माझ्या भावालाही नुसतं ताकच दिलं होतं!" मी म्हटलं. "मुळी नव्हतीच त्यात! विचारा आबांना!"

आधी कुणीतरी हसलं, मग सगळेच. "ताकानं कावीळ बरी व्हती म्हणं!" आबा हसले नाहीत. त्यांनी मान वर केली नाही. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. सहाण पुढ्यात ओढली आणि मुळी उगाळायला लागले. सासू डोकावून बघत होती. "अजून," ती म्हणाली. "दाट हुंद्या."

"आबा, नका," मी म्हटलं. त्यांचा हात थांबला नाही.

ताक आणायला मला कुणी सांगितलं नाही. दादाच उठला. भरल्या गालांचा, हसतमुख माझा भाऊ आतून तांब्या घेऊन आला, त्यानं स्वतःच्या हातानं मुळी ताकात ढवळली आणि तांब्या त्या बाईपुढे धरला. "प्या वहिनी, भिऊ नका," तो म्हणाला. "हिला सगळं उंदरावरनं कळतं. माझ्याकडं बगा की, मी झालो ना बरा?"

तिनं त्याच्याकडे नीट बघून घेतलं, आणि सगळं पिऊन टाकलं.