आमचं दुकान लाल दिव्यावर चालतं

सिग्नलवर माल विकणाऱ्यांकडे पैसा साठत नाही, किस्से मात्र साठतात. गिऱ्हाईक हिरवा दिवा लागला की निघून जातं आणि त्याचं बोलणं आमच्याकडे राहतं. मी कोथरूडच्या एका चौकात गाड्यांच्या काचांना लावायच्या काळ्या जाळ्या विकतो. शेजारी मंगलमावशी गजरे विकतात. दुपारी गर्दी ओसरली की आम्ही दुभाजकावर बसतो आणि हेच सगळं उगाळतो. त्यातले बरेचसे किस्से माझ्या फजितीचे असल्यामुळे मावशींना ते फार आवडतात.

*

चौकात येण्याआधी मी रविवार पेठेत कापडाच्या दुकानात सेल्समन होतो. गादीवर बसायचं, गिऱ्हाइकाला चहा विचारायचा, ठाण उलगडायचं. मालकांनी दुकान विकलं आणि माझी गादी गेली. तेव्हा मावशी आमच्याच गल्लीत राहायच्या. त्या म्हणाल्या, यासीनभाऊ, रडत बसू नका, माझ्याबरोबर चौकात चला.

पहिल्या दिवशी जाळ्या हातात धरून उभा राहिलो. लाल दिवा लागला, एक कार समोर येऊन थांबली. चालवणाऱ्या बाईंनी काच खाली केली. इतकी वर्षं तोंडात बसलेलं वाक्य आपोआप बाहेर पडलं.

"या ताई, बसा."

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बसलेलीच आहे," म्हणाल्या आणि काच वर केली.

*

चौकात रोज सकाळी एक पांढरी गाडी यायची. आत चष्मा लावलेले एक गृहस्थ. मी दोन पावलं पुढे टाकली की त्यांची काच वर जायची. मीही हट्टी. बंद काचेबाहेर उभा राहून रोज सगळं भाषण म्हणायचो. ऊन लागत नाही, आतली सीट तापत नाही, लहान मुलं निवांत झोपतात. ते समोर बघत राहायचे.

एकदा मी पुढे झालो, तरी काच हलली नाही. त्यांनी बटण दोनतीनदा दाबून पाहिलं, मग हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे वळले.

"काच अडकली आहे. आज नाइलाज आहे. बोला."

आणि मला एक शब्द सुचेना. इतके दिवस काचेशी बोलायची सवय, माणसाशी काय बोलायचं? शेवटी म्हणालो, "साहेब, काच लवकर दुरुस्त करून घ्या. आभाळ आलंय."

"आभारी आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काच दुरुस्त होती. मी दोन पावलं पुढे टाकली, ती वर गेली.

*

अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की आमची पांगापांग होते. माल सापडला तर उचलून नेतात, मग आठवडाभराची कमाई गेलीच. मावशी टोपली घेऊन देवळात शिरतात. मला देवळात शिरताना जरा अवघडल्यासारखं होतं, म्हणून मी बसस्टॉप धरतो.

त्या दिवशी जाळ्यांचा गठ्ठा पोटाशी धरून, बसची वाट पाहणाऱ्या माणसासारखा चेहरा करून उभा राहिलो. पथकातले एक साहेब पान खायला नेमके माझ्या शेजारी येऊन थांबले. तेवढ्यात बस आली. कधी नव्हे ती बरोबर समोर थांबली. साहेब माझ्याकडे बघायला लागले. चढलो.

कंडक्टरने विचारलं, कुठे? मी म्हणालो, ही जाते तिथे. ती पार मांजरी गावाला जात होती. सगळं पुणं ओलांडून, उसाची शेतं दिसायला लागल्यावर उतरलो आणि परत यायला संध्याकाळ केली.

मावशींनी माझ्यासाठी डबा राखून ठेवला होता. तो पुढे सरकवत म्हणाल्या, "पाहुणचार झाला का नीट?"

*

मध्ये सिग्नलच बंद पडला. गाड्या थांबेनात, धंदा बसला. मावशींचे गजरे टोपलीत सुकायला लागले. लोक खूश होते, आम्ही दोघंच दुःखी. शेवटी मावशी म्हणाल्या, तुम्ही शिकलेले आहात, फोन करा. मी महापालिकेच्या कचेरीत फोन लावला आणि कापडदुकानातली सगळी शुद्ध भाषा काढून तक्रार सांगितली.

पलीकडचा माणूस गहिवरला. आपल्यासारखे जागरूक नागरिक हल्ली राहिले नाहीत, म्हणाला. मग सहज विचारलं, आपण काय करता? कौतुकाने माझं भान सुटलं होतं. मी खरं सांगून टाकलं.

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मग असं करू का," तो म्हणाला, "तुम्हाला अतिक्रमण विभागाला जोडून देतो."

*

नसरीनसाठी, म्हणजे माझ्या मुलीसाठी, स्थळ आलं तेव्हा मध्यस्थी माझ्या मेव्हण्याने केली. त्याने तिकडे सांगून ठेवलं की मुलीच्या वडिलांचं कोथरूडला दुकान आहे, चौकात. मला कळलं तेव्हा मी चिडलो. तो म्हणाला, यात खोटं काय आहे? नसरीन म्हणाली, अब्बा, ते आले की तुम्हीच खरं सांगा. मी हो म्हणालो, आणि कसं सांगायचं या विचाराने दोन रात्री डोळा लागला नाही.

पाहुणे संध्याकाळी येणार होते. दुपारपर्यंत धंदा करावा म्हणून मी चौकात गेलो. एक गाडी थांबली, मी सवयीने काचेवर बोट वाजवलं. काच खाली आली. आत मुलाचे वडील. फोटोत पाहिले होते, त्यांनीही मला फोटोत पाहिलं होतं. मागे मुलाची आई मिठाईचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. लवकर निघाले होते, वाटेत दुकान पाहून पुढे जाऊ म्हणून.

माझ्या हातात जाळ्या. मी म्हणालो, "हेच दुकान."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चौकाकडे पाहिलं. दिवा हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. ते निघून गेले. मी तिथेच खाली बसलो. मावशींनी पाणी दिलं.

घरी गेलो तर त्यांची गाडी दारात उभी होती.

लग्नात मुलाच्या वडिलांनी मला हाताला धरून आपल्या पाहुण्यांमध्ये फिरवलं. प्रत्येकाला सांगत होते, "हे आमचे व्याही. कोथरूडला यांचं दुकान आहे, भर चौकात. येणारी प्रत्येक गाडी तिथे थांबते."