शेजारच्या सीटची चौकशी

कोणतीही गाडी शेडसमोर येऊन थांबली की मेकॅनिक काका आधी तिच्या पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर तळहात ठेवत, एकदा दाबत आणि सोडून देत. गाडी एकदा हलून थांबली तर मान डोलवत. दोन-तीनदा हलली तर हात पँटला पुसत आणि मालकाला विचारत, "शेजारी कोण बसते?"

गाडी कोणती, किती वर्षांची, खर्च किती करणार, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न हाच. तुम्हीही गॅरेजात गेला असाल. तिथला माणूस आधी आपल्या गाडीला नावं ठेवतो, मग आधीच्या मेकॅनिकला. आपल्या शेजारी कोण बसतं याची चौकशी करणारा माणूस मला तरी आयुष्यात एकच भेटला.

चेन्नईत, गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत, दोन लेथवाल्यांच्या मध्ये त्यांची शेड होती. पाटी नव्हती. शॉक अॅब्सॉर्बर दुरुस्त करणारा म्हातारा, एवढ्या पत्त्यावर लोक पोचत. मीही तसाच पोचलो. माझी गाडी म्हणजे दोन सीटांची, बुटकी, माझ्याआधी दोघांनी वापरलेली स्पोर्ट्स कार. रविवारी हौसेनं काढायची ही वस्तू मी रोज तिरुवान्मियूरहून सिरुसेरीला ऑफिसला नेत असे, कारण दुसरी गाडीच नव्हती. तिचे शॉक गळायला लागले होते आणि प्रत्येक स्पीडब्रेकर थेट कवटीत जाऊन बसत होता.

मला अॅडजस्टेबल सस्पेन्शन हवं होतं. म्हणजे गाडीची उंची पान्यानं कमीजास्त करता येते आणि शॉकचा कडकपणा वरच्या गोल बटणानं, एकेक खटका फिरवून. महागडं परवडणारं नव्हतं, म्हणून स्वस्तातल्या सहा जातींचा तक्ता करून नेला होता. मी आयटीतला माणूस. कुकर घ्यायचा तरी तक्ता करतो.

"शेजारी कोण बसते?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"कोणी नाही," मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये सांगितलं.

तेवढ्यात फोन वाजला. वडिलांचा होता. "मी डॉक्टरकडे रिक्षानं जातो. तू येऊ नकोस."

"बाबा, गाडी आहे ना. अर्ध्या तासात येतो."

"रिक्षाच बरी," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

काका माझा तक्ता नाकाशी धरून वाचत होते. कागदावरून नजर न काढता त्यांनी स्वच्छ मराठीत विचारलं, "वडील काय?"

मी गार पडलो. चेन्नईत तीन वर्षं काढली होती, पण गिंडीत ग्रीसमध्ये माखलेला माणूस मराठी बोलेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

"आम्ही तंजावरचे," ते म्हणाले. "पूर्वज राजांबरोबर घोड्यावरून आले. मी मद्रासेस बसने आलो." आणि स्वतःच हसले. शेजारी कोणी नाही, हे मी खोटं सांगितलं होतं आणि ते त्यांना कळलं होतं. पण ते पुन्हा तक्त्याकडे वळले.

आता वडिलांचं सांगायला हवं. आई गेल्यावर सातारचं घर बंद करून ते माझ्याकडे राहायला आले होते. ही गाडी घेतली तेव्हा आमचं फोनवर चांगलंच वाजलं होतं. "घर घ्यायचं सोडून खेळणं घेतलंस," असं ते म्हणाले होते आणि मीही नको ते बोललो होतो. चेन्नईला आले त्या दिवशी स्टेशनवरून ते गाडीत बसले, ते तेवढंच. त्यानंतर डॉक्टर असो, देऊळ असो, समुद्र असो, रिक्षाच बरी. हा राग आहे, हे मी धरून चाललो होतो. महिनाअखेरीला परत साताऱ्याला जातो म्हणून त्यांनी बॅगही काढून ठेवली होती. तिथे त्यांना चहा करून द्यायलाही कोणी नव्हतं. मला त्यांना थांबवायचं होतं आणि थांबा म्हणायला तोंड उघडत नव्हतं.

काकांनी तक्त्यातली चार नावं पेन्सिलीनं खोडली. "हे बिघडले की फेकायचे. आत सील मिळत नाही. स्वस्त घ्यावे, पण उघडता येणारे घ्यावे." पाचवं सगळ्यात कडक होतं, लाल रंगाचं, माझ्या मनात भरलेलं. ते त्यांनी हळूच खोडलं, लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसं.

"पण काका, कडक असलं की वळणावर गाडी चिकटून राहते."

"ऑफिसच्या वाटेवर वळणे किती?"

मी विचार केला. सिरुसेरीचा रस्ता फुटपट्टीसारखा सरळ आहे.

"सिग्नल बहुत, खड्डे बहुत, वळण एक," ते म्हणाले. "त्या एकासाठी रोज फळीवर बसणार काय?"

तरी त्यांचं समाधान झालं नव्हतं. रविवारी सकाळी पांढरा धुवट शर्ट घालून ते माझ्या शेजारी येऊन बसले. "गाडी कळली. आता रस्ता दाखव." गिंडी ते सिरुसेरी त्यांनी डोळे मिटून प्रवास केला. मला वाटलं, झोपले. पण मांडीवर बोटं चालू होती. प्रत्येक स्पीडब्रेकरला एक बोट मिटत होतं. मी जरा जोर दाखवला की डोळे न उघडता म्हणत, "पोदुम, तंबी." म्हणजे पुरे, बाळा. परतताना एका ठिकाणी उभ्या उभ्या फिल्टर कॉफी प्यायलो आणि तिथेच त्यांनी निकाल दिला: तक्त्यातलं सहावं. मऊ स्प्रिंगचं, दिसायला अगदी गरीब, पण सील गिंडीतच मिळणारं. इथल्या खाऱ्या हवेत उंची बदलायच्या चकत्या गंजून बसतात, म्हणून त्यावर ते जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे मोज्यासारखे चढवत. हा उपाय जगातल्या कुठल्याही वेबसाइटवर नाही. मी शोधलंय.

सस्पेन्शन बसलं. गाडी अशी चालायला लागली की मला माझीच गाडी ओळखू येईना. आणि मग मी जे केलं ते माझ्यासारखे लोकच करू शकतात. घरी आल्यावर व्हिडिओ पाहून पाहून शेवटी मी गाडी दोन बोटं खाली घेतली आणि चारी बटणं पार कडक टोकाला फिरवली. फोटो सुरेख आले. सोमवारी ऑफिसच्या फाटकातल्या उंचवट्यावर गाडीचं पोट असं घासलं की सुरक्षारक्षकानं कपाळाला हात लावला.

चोरासारखा शेडमध्ये गेलो. आता खरडपट्टी निघणार हे ठरलेलं होतं. काकांनी पत्र्यावर हात ठेवला, दाबला. गाडी जागची हललीच नाही. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "परवायिल्ल." असू दे. तमिळमधला हा शब्द त्यांच्या तोंडून इतका मायेचा येई की त्यापेक्षा शिव्या बऱ्या वाटत.

खाली वाकून उंची परत लावताना ते बोलू लागले. तरुणपणी त्यांनीही एक गाडी शर्यतीच्या गाडीसारखी बांधली होती. "फार कडक. मला बहुत अभिमान. माझी बायको तिच्यात बसेना. तिचे माहेर तिरुवल्लिकेणीस. म्हणे, मला बसच सोयीची. दोन वर्षे बसने गेली. मला वाटले, तिला माझ्या कामाचा राग आहे. मी पण बोलणे सोडले."

"मग?"

"एकदा पाऊस होता म्हणून बसली. उतरताना मी पाहिले. दाराला दोन्ही हातांनी धरले आणि तशीच उभी राहिली. पाठ दुखत होती, रे. माझे मन मोडू नये म्हणून दोन वर्षे बसने गेली." पाना थांबला. "तंबी, बसताना माणूस खोटे बोलते. उतरताना पाहावे."

मला वडील स्टेशनवरून आले तो दिवस आठवला. उतरल्यावर ते दाराला धरून समोरच्या नारळाच्या झाडाकडे कितीतरी वेळ पाहत उभे होते. मी म्हटलं होतं, "बाबा, झाड नंतर बघा, दार लावायचंय."

मी काकांना सगळं सांगितलं. वडिलांना घेऊन ये म्हणाले. मी म्हटलं, ते या गाडीत बसणार नाहीत. मग दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वतःच मोपेडवरून आमच्या दारात हजर. त्यांना बघून वडील गोंधळले, पण मराठी ऐकल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"तुम्ही अगदी पोथीतल्यासारखं बोलता," वडील म्हणाले.

"तुमचे मराठी फार घाईचे आहे," काका म्हणाले. "जरा मेल्ल बोला." मेल्ल म्हणजे सावकाश. सातारच्या माणसाला कोणी असं सांगितलेलं मी प्रथमच ऐकत होतो. वडील चक्क सावकाश बोलू लागले.

चहा झाल्यावर काका म्हणाले, "माझे एक काम करा. गाडीत बसा आणि उतरा. माझी परीक्षा आहे."

परीक्षा म्हटल्यावर वडिलांचा नाइलाज झाला. ते जन्मभर शिक्षक होते. ते बसले. मी कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली. उतरले. काका दाराशी उभे राहून फक्त त्यांच्या हातांकडे पाहत होते. त्यांनी गाडी एक बोटभर उंच केली, बटणं दोन खटके सैल केली. पुन्हा बसा. पुन्हा उतरा. पुन्हा दोन खटके. पाचव्या खेपेला वडील दाराला हात न लावता उतरले आणि सरळ उभे राहिले. स्वतःच्याच लक्षात आल्यासारखे थोडे दचकले.

काकांनी खिशातून नखं रंगवायच्या लाल रंगाची छोटी बाटली काढली आणि प्रत्येक बटणाशी, तो खटका जिथे होता तिथे, एकेक ठिपका दिला. "बायकोची बाटली," ते म्हणाले. "ती जाऊन चार वर्षे जाहली. थिनर घालतो, संपत नाही."

ते गेल्यावर मी वडिलांना विचारलं, "पाठ दुखते हे सांगितलं का नाहीत?"

ते चहाचे कप आत ठेवून आले. मग म्हणाले, "एकदा तुझ्या गाडीला नावं ठेवून झाली होती. इथे आलो तर रोज सकाळी फडक्यानं पुसताना दिसलास. पुन्हा कसं बोलू?"

बॅग माळ्यावर गेली. वडील अजून माझ्याकडेच आहेत. संध्याकाळी आम्ही समुद्रावर जातो, माझ्या खेळण्यात बसून. आईबद्दल आम्ही जे काही बोललो आहोत ते सगळं त्या दोन सीटांवर. हे काकांनी मला दिलं. त्यांनी हिशेब लावला तो फक्त चार शॉकचा.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांनी शेड बंद केली. कंबरेला काम झेपेना असं लेथवाल्यानं सांगितलं; काका स्वतः मला एवढंच म्हणाले की मुलगी तंजावरला बोलावते आहे. मी हट्टानं त्यांना एग्मोर स्टेशनवर सोडायला गेलो. ते शेजारी बसले, डोळे मिटले, बोटं मांडीवर. वाटेत दोनदा म्हणाले, "गाडी फार छान चालते."

स्टेशनवर मी धावत त्यांच्या दाराकडे गेलो आणि पाहिलं. त्यांनी दाराला दोन्ही हातांनी धरलं होतं. उभे राहून ते स्टेशनच्या घड्याळाकडे पाहत होते, वेळ बघायची असल्यासारखे. चाळीस वर्षं गाड्यांखाली वाकलेली ती पाठ. इतक्या वेळा माझ्या शेजारी बसले आणि उतरताना मी एकदाही पाहिलं नव्हतं.

"बघू नको, तंबी," ते म्हणाले. "गाडी चांगली आहे."

मग त्यांनी ती लाल बाटली माझ्या हातात ठेवली. "तिकडे गाड्या नाहीत." पोंगलला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, येतो म्हणाले, पिशवी उचलली आणि गर्दीत गेले.

घरी येऊन मी बॉनेट उघडलं. पुढची दोन्ही बटणं बाबांच्या ठिपक्यापासून तीन खटके सैल केली आणि तिथे दुसरा ठिपका दिला. मग मागच्या दोन्ही बटणांशीही, आणि चारी बटणं परत बाबांच्या ठिपक्यावर आणली. दुसरा ठिपका पोंगलला काकांना घ्यायला जाताना लागेल म्हणून.

पोंगलच्या आठ दिवस आधी त्यांच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाली. मी वडिलांना सांगितलं आणि आम्ही दोघं बराच वेळ गाडीत नुसते बसून राहिलो, गाडी सुरू न करता.

आता कोणी माझ्या गाडीचं कौतुक करून कोणतं सस्पेन्शन घेऊ म्हणून विचारलं की मी त्याला आधी शेजारच्या सीटबद्दल विचारतो. लोक हसतात. मग मी बॉनेट उघडून दोन ठिपके दाखवतो. पहिला रोजचा आहे. दुसऱ्यावर गाडी मी अजून एकदाही चालवलेली नाही.